आईचा नॉर्वे: घरच्या ग्रुपवरचा रविवार

दादा: चहा झाला असेल तर सगळे इकडे या. नॉर्वेचं आज पक्कं करून टाकू. "बघू, बघू" करत किती वर्षं गेली.

ताई: आपण कुठे मागे हटलो होतो? २०२० च्या मेचे पैसे भरून झाले होते, विमानंच बंद पडली. त्या टूरवाल्यांनी पैसे परत द्यायला दीड वर्ष लावलं. मग आईचे गुडघे. या वेळी सगळं आपलं आपण करायचं.

वहिनी: मला एक जाहिरात आली आहे, ११ दिवसांत चार देश. एवढ्या लांब जातोच आहोत तर स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडही उरकतील ना?

आई: मला चार देश नकोत गं. मला फियॉर्ड बघायचाय, उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी. ३१ वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढून दाखवला. पोरं विचारायची, बाई, तुम्ही बघितलाय का? मी म्हणायचे, अजून नाही, पण जाणार आहे.

वहिनी: मग विषय संपला आई. नॉर्वे एके नॉर्वे.

चिनू: डिसेंबरमध्ये जाऊया ना! नॉर्दर्न लाइट्स!! रात्रीच्या आकाशातले ते रंगीत झोत!

मी: चिनू, मलाही बघायचेत. पण ते बघायला नॉर्वेच्या पार उत्तरेला ट्रोम्सोला जावं लागेल आणि डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, रस्त्यावर बर्फ आणि घसरडं. आजीचे दोन्ही गुडघे नवे आहेत. आणि लाइट्स दिसतीलच याची खात्री नाही, ढग आले की संपलं.

आई: शिवाय मला मध्यरात्रीचा सूर्य हवाय. पुस्तकात ओळच होती, मध्यरात्रीच्या सूर्याचा देश.

दादा: म्हणजे जून. पण १५ जूनच्या आसपास शाळा सुरू, चिनूचं दहावीचं वर्ष. पहिल्याच आठवड्यात दांडी नको.

मी: म्हणूनच मी मेचा शेवटचा आठवडा धरलाय. २४ मे ते ४ जून. ट्रोम्सोला २० मेपासून सूर्य मावळत नाही, ते थेट २२ जुलैपर्यंत. आणि मेअखेरीला डोंगरावरचा बर्फ वितळत असतो, त्यामुळे धबधबे तुडुंब. जुलै-ऑगस्टपेक्षा गर्दीही कमी. मला तर जूनपेक्षा हाच काळ जास्त आवडला.

भावोजी: मध्यरात्रीचा सूर्य तर ऑस्लोलाही दिसेल ना? मग पार वर ट्रोम्सोला कशाला? विमानाचा खर्च वाढतो.

आई: नाही दिसणार. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून ९० वजा साडेतेवीस, साडेसहासष्ट. त्या आर्क्टिक वृत्ताच्या वर गेल्याशिवाय सूर्य रात्रभर दिसत नाही. ऑस्लो आणि बर्गन ६० अंशांवर. तिथे रात्री अंधार पडत नाही नीट, पण सूर्य मावळतो. ट्रोम्सो जवळजवळ ७० वर.

भावोजी: पटलं आई. ट्रोम्सो ठेवा.

ताई: एवढ्या वर म्हणजे थंडी किती असेल?

आई: त्या अक्षांशाच्या मानाने कमीच. अटलांटिकमधला उष्ण प्रवाह किनाऱ्याने वर जातो, म्हणून तिथली बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत. तरी स्वेटर घ्या.

मी: आता माझा कागद वाचा, मग भांडा.

मुंबईहून एका थांब्याने ऑस्लो. तिथे दोन रात्री, पहिला दिवस फक्त झोप आणि व्हिगेलंड पार्क. सगळे पुतळे उघड्यावर, तिकीट नाही, जागोजागी बाकं. व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय नव्याने बांधायला बंद केलंय, त्यावर आशा ठेवू नका. त्याऐवजी फ्राम जहाज, चिनूला आवडेल. दोन्ही ध्रुवांकडच्या मोहिमांवर गेलेलं खरंखुरं लाकडी जहाज, आत शिरून बघता येतं.

तिसऱ्या दिवशी बर्गनची रेल्वे. ही गाडी १,२०० मीटरच्या वर चढते, फिन्से स्टेशनला मेअखेरीलाही आजूबाजूला बर्फ असतो. आपण बर्गनपर्यंत न जाता मध्येच मिर्डालला उतरायचं आणि फ्लॉमची छोटी गाडी पकडायची. मिर्डाल ८६६ मीटरवर, फ्लॉम समुद्राला लागून, मध्ये फक्त २० किलोमीटर. बोगदे २०. मध्ये शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी मुद्दाम थांबते, उतरून तुषार अंगावर घेता येतात.

दादा: २० किमीमध्ये ८६६ मीटर? आपल्या बोरघाटाला चढ किती?

आई: १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

मी: फ्लॉमचा सर्वात कठीण भाग १:१८. बोरघाटाच्या दुप्पट, तोही दात नसलेल्या साध्या रुळांवर.

दादा: 🙏 मी खिडकीत बसणार.

मी: फ्लॉमला दोन रात्री. मग बोटीने गुडवांगेन, दोन तास, नॅरॉयफियॉर्डमधून. युनेस्कोच्या यादीत आहे २००५ पासून. सर्वात अरुंद जागी २५० मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना सरळ कडे. पुढे बसने व्हॉस, रेल्वेने बर्गन, दोन रात्री. तिथे पाऊस गृहीत धरा, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडतो. मग विमानाने ट्रोम्सो, तीन रात्री. एक रात्र ढगाळ गेली तरी दोन हाताशी. तिथे केबलकारने ४२१ मीटरवर जाता येतं आणि उन्हाळ्यात ती मध्यरात्रीनंतरही चालू असते. चिनूला पायीच चढायचं असेल तर बाराशे पायऱ्या आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या.

चिनू: चढणार. मी आणि बाबा.

दादा: 😐

ताई: व्हिसाचं काय?

मी: नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात. मोठ्यांना ९० युरो फी, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आपण फेब्रुवारीत करू, एप्रिल-मेमध्ये वेळ मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. आईच्या विम्याच्या फॉर्मवर गुडघ्यांचं ऑपरेशन स्पष्ट लिहायचं, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. आणि सगळ्यांनी आत्ता उठून पासपोर्ट बघा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा.

ताई: अगं, माझा २० ऑगस्टला संपतो!

मी: मग नाही चालणार. ४ सप्टेंबरपर्यंत तरी हवा. उद्याच नूतनीकरणाला टाक.

वहिनी: खाण्याचं मी बघते. शंकरपाळी, साजूक तुपाची बरणी, आईंसाठी पेढे.

मी: वहिनी, तूप-पेढे नाही नेता येणार. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, बटाटेही नाहीत. मेतकूट, लसणाची चटणी, तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजणी हे घे. फ्लॉम आणि ट्रोम्सोला स्वयंपाकघर असलेली घरं घेऊ, कारण हॉटेलात सात जण रोज दोन्ही वेळ जेवलो तर कंबरडं मोडेल. तांदूळ आणि लोणी तिथल्या दुकानात मिळतं. पाणी नळाचं प्यायचं, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत.

वहिनी: बरं. शंकरपाळी तेलाच्या मोहनाची आणि पाण्यात भिजवलेली करते.

भावोजी: रोख क्रोनर किती घ्यायचे?

मी: अगदी थोडे. तिथे सगळीकडे कार्ड चालतं. परदेशात चालणारी दोन कार्डं मात्र वेगवेगळ्या बॅंकांची ठेवा.

आई: एक विचारू? त्या बोटीवर बाहेर उभं राहता येतं का? काचेतून नको मला.

मी: येतं आई. बोट विजेवर चालते, घरघर अजिबात नाही. आणि डेकवर जिन्याऐवजी घाटासारखी वळणावळणाची उताराची वाट केली आहे, चाकाची खुर्चीही वर जाते. तू हळूहळू चालत वरपर्यंत जाशील.

आई: मग कोकणातल्या खाडीत आणि फियॉर्डमध्ये फरक काय, ते चिनूला तिथेच उभं राहून दाखवता येईल. आपली खाडी नदीने खोदलेली, ही हिमनदीने, म्हणून कडे सरळ आणि तळ खोल.

चिनू: आजी, व्हिडिओ काढू तुझा?

आई: काढ. पण वाऱ्यात आवाज येईल का?

मी: वारा बराच असतो. कानटोपी लागेल.

आई: कानटोपी आहे माझी. राखाडी.

दादा: २४ मे पक्कं. विमानाची तिकिटं बघायला बसतोय, कुणी फोन करू नका.