थर्टी फर्स्टला अकरावीतल्या मुलाला नुसतं 'नाही' म्हणायचं का?

सिंहगडरोडची_आई
मुलगा अकरावीत, सोळा पूर्ण. ग्रुपचं पानशेतजवळ एका मित्राच्या फार्महाऊसवर रात्रभर राहायचं ठरलंय, मोठं कुणी नाही. 'बिअर असेल, पण मी घेणार नाही' हे त्यानेच सांगितलं. माझा सख्खा भाऊ दारूने गेला, तेव्हापासून हा विषय निघाला की पोटात गोळा येतो. अडवलं तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. आणि त्याने मजा करावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय केलंत?

शिरूरचा_काका
ताई, पोरगं स्वतःहून बोललं, हे फार मोलाचं आहे. तरी मोठं माणूस नसलेल्या ठिकाणी पाठवू नका. फक्त 'नाही' म्हणाल त्याच वेळी दुसरी रात्र हातात द्या.

माझा पुतण्या अकरावीत असताना मी त्याच्या आठ मित्रांना शेतावर हुरड्याला बोलावलं. पहिल्या वर्षी सगळं मीच ठरवलं, अगदी अंताक्षरीसुद्धा. दहा वाजता सगळे मोबाईलमध्ये. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये दिले आणि म्हटलं, बाजार तुमचा, आगटी तुमची, गाणी तुमची. पहिली कणसं करपवली. मग गोवऱ्यांचा विस्तव किती हवा यावरून भांडले, गरम कणसं चोळून हात लाल झाले, लसणाच्या चटणीत मीठ दोनदा पडलं. अडीच वाजता शेकोटीभोवती गोधड्या पांघरून बसलेले, कुणी झोपायला तयार नाही. मी शंभर पावलांवर घरात होतो, मुद्दाम जवळ गेलो नाही. अट एकच होती, बाटली शेतात येणार नाही. ती प्रत्येकाच्या घरी आधी फोन करून सांगितली होती.

या वयात पोरांना रात्र जागायची असते, आपल्यावाचून काहीतरी पार पाडायचं असतं. ते मिळालं की निम्मं काम होतं.

केमिस्ट्रीची_बाई
'बिअरच आहे' यावर त्याच्यासोबत गणित मांडा. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे एक बाटली चार पेग. माझ्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं की शांतता पसरते. महाराष्ट्रात बिअरलाही २१ वर्षांची अट आहे, व्हिस्कीसारख्या कडक दारूला २५, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

एकोणीस_पूर्ण
काकू, मी मुलाच्या बाजूने सांगतो. 'नाही' म्हणणं एकदा जमतं, पाचव्यांदा आग्रह झाला की जड जातं. बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, 'घरी कधी येऊ?' एवढाच मेसेज कर, मी फोन करून रागावून बोलावून घेईन, दोष माझ्यावर ढकल. मी तो एकदाच वापरला. रात्री पाऊणला बाबा स्कूटर घेऊन आले, वाटेत एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं मीच सांगितलं.

सिंहगडरोडची_आई
रात्री त्याच्याशी बोलले. फार्महाऊसला नाही म्हटल्यावर तासभर खोलीचं दार बंद होतं. मग बाहेर येऊन विचारलं, 'गच्चीवर किती जण चालतील?' मी दहा म्हटलं, तो चौदावर अडलाय. मामाबद्दल त्याला आजवर काहीच सांगितलं नव्हतं, तेही काल सांगितलं. काका, आगटी गच्चीवर जमणार नाही, पण शेगडीवर हुरडा नीट भाजतो का?