‘लागेल तेव्हा’ म्हणजे नेमकं केव्हा? : एसओएस गोळीचे अनुभव

धागाकर्ती, रामबाग

वय ४३, बायपोलर (मन कधी खोल उदास, कधी सुसाट होण्याचा आजार) टाइप २, निदान होऊन १४ वर्षं झाली. लिथियम आणि लॅमोट्रिजिन ही मूड सावरणारी औषधं रोज चालू. त्याबद्दल घरात आता कुणी चकार शब्द काढत नाही, सासूबाईंची बीपीची गोळी तशी माझी ही. भानगड आहे ती चिठ्ठीतल्या सगळ्यात खालच्या ओळीची. तिथे लिहिलेलं असतं : क्लोनाझेपाम ०.५, एसओएस. घबराट शांत करणारी, झोप आणणारी गोळी. पहिल्यांदा मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ‘लागेल तेव्हा घ्या.’ आता लागेल हे ठरवायचं कुणी? ज्या डोक्यात गडबड आहे त्याच डोक्याने?

मी एक उद्योग करते. गोळी घेतली की पत्त्याच्या (इंदुरात आम्ही स्ट्रिपला पत्ताच म्हणतो) चंदेरी बाजूवर, फोडलेल्या जागेशेजारी बॉलपेननं तारीख टाकते. बॉलपेन त्या कागदावर घसरतं, आकडे वेडेवाकडे येतात, पण येतात. या वर्षी जानेवारी ते मार्च मिळून तीन तारखा. एकट्या एप्रिलमध्ये सात. एप्रिलमध्ये लेकीचं ॲडमिशन, सासूबाईंचं मोतीबिंदू, म्हटलं टेन्शन आहे, दुसरं काय. तरी तो पत्ता हातात घेऊन बसले की बरं वाटत नाही.

तुम्ही कधी घेता, कधी टाळता, घरात कुणाला विचारता का, ते लिहा. डोस मात्र एकमेकांना सुचवू नका. माझी पाव गोळी तुमची पाव गोळी नव्हे.

झांकीवाला

लिहितोच. मला टाइप १ आहे, म्हणजे मेनिया होतो, मन पार सुसाट सुटतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) लहानपणापासून रात्रभर पाहायची सवय, मिलच्या झांक्या राजवाड्याकडून जाईपर्यंत घरी येणं नाही. त्या वर्षी त्याच्या आधीच्या दोन रात्रीही मी तीन-तीन तासच झोपलो होतो. थकवा? छे. डोकं असं लख्ख चालत होतं की विचारू नका. माझी एसओएसची गोळी, लोराझेपाम, खिशातच होती. बायकोनं फोनवर विचारलं, घेतलीस का? मी म्हटलं, अगं गोळी त्रास होतो तेव्हा घ्यायची, मला तर मस्त वाटतंय.

हीच तर गोम आहे. घबराट झाली की गोळी आठवते. मेनिया चढताना गरज वाटतच नाही, कारण बरं वाटणं हाच आजार. पहाटे सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, ज्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, तिथे मी अकरा अनोळखी माणसांच्या भुट्ट्याच्या किसाचे पैसे दिले आणि त्यांना माझी नवी धंद्याची आयडिया समजावली. चौथ्या दिवशी ॲडमिट.

तेव्हापासून नियम डॉक्टरांसमोर बसून ठरवला आणि कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला : सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर तिसऱ्या रात्री ९ वाजता गोळी, आणि सकाळी डॉक्टरांना फोन. मला कसं वाटतंय हे विचारायचंच नाही. तास मोजायचे. बायको मोजते. भांडणं होतात, एकदा मी तिला ‘जेलर’ म्हणालो होतो. पण नियम मी शुद्धीत असताना माझ्याच अक्षरात लिहिलाय, त्यामुळे बोलती बंद होते.

पर्समध्ये आहे

माझं छोटंसंच. दोन वर्षं झाली, पत्ता फोडलाच नाही. मीटिंगआधी छातीत धडधडलं की पर्सची चेन उघडते, हात लावून बघते, चेन लावते. मागच्या महिन्यात एक्स्पायरी उलटली म्हणून नवीन आणला. नवरा म्हणतो, देवाची मूर्ती ठेवल्यासारखी ठेवतेस. असू दे.

विजयनगर, रात्रपाळी

माझा अनुभव याच्या अगदी उलट आणि फारसा शोभेचा नाही. अमेरिकन क्लायंटची शिफ्ट, सकाळी सहाला घरी, झोप नाही. झोल्पिडेम ‘कधीतरी घ्या’ म्हणून मिळाली होती. कधीतरीचं आठवड्यातून तीनदा झालं, मग रोज. ही गोळी शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येते, मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नाव, डॉक्टर सगळं लिहायचं असतं. माझ्या कोपऱ्यावरचा म्हणायचा, ‘ले जाओ दीदी, पुराना पर्चा है ना.’ आठ महिने.

एक दिवस दुपारी उठले तर ओट्यावर कढई. कांदा चिरलेला, पोहे भिजवून पार लगदा झालेला, शेगडी बंद होती हे नशीब. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. झोपेत चालणं, स्वयंपाक, गाडी चालवणंसुद्धा या गोळीवर होतं म्हणाले, २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं यासाठीच सगळ्यात कडक इशारा वेष्टनावर छापायला लावलाय.

मग मी शहाणपणा केला, एका झटक्यात बंद केली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि तिसऱ्या दिवशी मी शिफ्टमध्ये जोरजोरात बोलत होते. बायपोलरवाल्यांना हे डबल महागात पडतं : गोळी सुटल्याची निद्रानाशाची लाट, आणि त्या निद्रानाशावर स्वार होऊन येणारा मेनिया. शेवटी डॉक्टरांनी रात्रीचं मूळ औषध थोडं वाढवलं आणि झोल्पिडेम सहा आठवड्यांत उतरवत नेली. शिफ्टही बदलून घेतली. पगार कमी झाला. खोटं कशाला बोलू, त्याचं वाईट वाटतं.

जुना लिथियमवाला, वय ६८

मे महिन्याची गोष्ट. हात थरथरायला लागले, आतून कसंतरी, पोट बिघडलेलं. मला वाटलं घबराट. एसओएसची अर्धी गोळी घेतली, संध्याकाळी उरलेली अर्धी. दुसऱ्या दिवशी चालताना तोल जायला लागला! मुलगी म्हणाली, बाबा दारू प्यायल्यासारखे बोलताय. (मी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही.)

झालं होतं असं की गुडघ्यासाठी आठ दिवस डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू होती, शेजाऱ्यांनी सुचवलेली. त्यात ऊन, घाम, पाणी कमी. रक्त तपासलं तर लिथियम १.६. माझं एरवी ०.७ च्या आसपास असतं. ती घबराट नव्हतीच, लिथियम चढलं होतं, आणि मी त्यावर झोपेची गोळी टाकत होतो. दोन दिवस सलाइनवर. आता नवीन थरथर आली की एसओएसला हात लावायच्या आधी मुलीला फोन. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. लिथियमची तपासणी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी करायची असते, हेही मला इतक्या वर्षांनी तेव्हाच नीट कळलं. आधी सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये जात होतो.

ताईकडे कपाट

मला पत्ता हातात मिळत नाही. पूर्वी एकदा नको ते घडलं होतं, त्यामुळे डॉक्टर, ताई आणि मी मिळून ठरवलं की गोळ्या ताईच्या कपाटात राहतील. मागितली की एक मिळते. सुरुवातीला अपमान वाटायचा, पस्तीस वर्षांचा माणूस आणि गोळी मागायची. पण मागायला तिच्या खोलीपर्यंत जावं लागतं, ती ‘बस जरा’ म्हणते, चहा टाकते, आणि चारातल्या एखाद्या वेळी गोळी न घेताच परत येतो. ती गावाला गेली होती तेव्हा एका रात्री फार वाईट अवस्था होती, मी १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारी, चोवीस तास. समोरची मुलगी हिंदीत बोलत होती, मी मधूनच मराठीत जात होतो, तिनं चालवून घेतलं. सकाळी ताई आली.

आणि घेणाऱ्यांनो, त्या दिवशी दारू नाही. बीअरसुद्धा नाही. श्वास मंदावतो. एवढंच सांगायचं होतं.

बडोद्याहून, आई

इंदूर माझं माहेर, म्हणून लिहिते. मुलगा २३ वर्षांचा. आमच्याकडे नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा. बंदी घातली असती तर त्याने ऐकलं नसतं. पंधरा दिवस आधीच डॉक्टरांकडे गेलो. तीन रात्री ठरल्या, साडेअकराला घरी, आणि त्या रात्रीपुरती अर्धी गोळी, स्कूटर मित्राने चालवायची. एका रात्री तो सव्वाला आला. मी जागीच होते. तो काही बोलला नाही, गोळी घेतली, झोपला. मी मात्र नाही झोपले!

धागाकर्ती, पुन्हा

उत्तर द्यायला वर्ष लागलं, माफ करा.

जेलरवाली पोस्ट वाचून मी तो एप्रिलचा पत्ता घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी तो उलटा करून खिडकीकडे धरला, सातही तारखा वाचल्या. मग विचारलं, या दिवसांत रडू येत होतं की चीड? चीड. झोप? चार तास, आणि पहाटे उठून कपाटं लावत होते. विचार? एकावर एक. म्हणाले, हे टेन्शन नाही, मिक्स्ड आहे, खाली उदास आणि वर सुसाट, दोन्ही एकदम. एसओएसनं ते झाकलं जात होतं. क्लोनाझेपाम हळू उतरते, रात्री अकराला घेतलेली दुसऱ्या संध्याकाळीही निम्म्याहून जास्त अंगात असते. म्हणजे त्या महिन्यात मी स्कूटर कशावर चालवत होते ते मलाच ठाऊक. त्यांनी खालची ओळ तशीच ठेवली आणि वर क्वेटियापिन हे मूडचं औषध नव्यानं जोडलं. महिन्यात तीनपेक्षा जास्त तारखा पडल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच यायचं, असं ठरलं.

वजन चार किलो वाढलंय, त्यावर वेगळं रडेन कधीतरी.

तेव्हापासून सासूबाई सकाळी चहा देताना विचारतात, ‘किती तास?’ बस, एवढंच. सध्याच्या पत्त्यावर दोन तारखा आहेत. एक नणंदेच्या ऑपरेशनची, एक रंगपंचमीच्या आदल्या रात्रीची. दुसऱ्या दिवशी गेर (रंगांची मिरवणूक) आमच्या बाल्कनीतून नाही, नातेवाइकांच्या गच्चीवरून पाहिली, आणि दुपारी झोपले.