कयाक घेतलीय, पण पाण्यातलं शिकायचं कुठनं? कोल्हापूरकरांनो जरा सांगा

बावडेकर_८७ :
नमस्कार मंडळी. आम्ही चौघा मित्रांनी मिळून दोन हवेच्या कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या, घेतल्यात, आणि एक जुनी रबरी होडी पण बघून ठेवलीय, तिला मागं छोटं इंजिन बसतं. गेल्या दिवाळीत मालवणजवळ देवबागला जाऊन आलो तेव्हापासनं डोक्यात हेच बसलंय. मी लहानपणी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, त्यामुळं पाण्याची भीती नाही, म्हणजे नव्हती. झालं असं की मागच्या रविवारी एका धरणाच्या बॅकवॉटरला सकाळी दहाला उतरलो, पाणी एकदम आरशासारखं, वारा नाही, गप्पा मारत मारत लांब गेलो आणि दुपारी दीडच्या सुमारास असा वारा सुटला की वल्हं मारतोय मारतोय पण काठ काय जवळ येईना, उलट आम्हीच पलीकडच्या अंगाला ढकलले जायला लागलो. शेवटी पलीकडच्या काठाला लागलो, तिथं ना वस्ती ना रेंज, आणि परत येताना सगळ्या खाड्या सारख्याच दिसतात हो, गाडी नेमकी कुठल्या खाडीपाशी लावली तेच कळेना. साडेसहाला गाडीपाशी पोचलो. घरी बायको दारात उभी, तिला आम्ही कुठल्या धरणावर गेलोय एवढं पण सांगितलेलं नव्हतं.
तेव्हापासनं झोप लागत नाही नीट. धाकट्या भावाला पोहता येत नाही आणि तो माझ्या भरवशावर बसला होता.
तर मला विचारायचंय की दिशा ओळखणं, वारा ओळखणं, उलटलं तर काय करायचं, समुद्रात जायचं असेल तर काय काय यायला पाहिजे, हे रीतसर शिकवणारं कोण आहे का, आणि तोवर आम्ही स्वतः काय शिकू शकतो? होडी विकून टाका असं सांगू नका प्लीज, ते घरचे सांगतातच.

कृष्णाकाठ_शिरोळ :
भावा, सुखरूप आलास हे पहिलं महत्त्वाचं. मी २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात बोटीवर मदतीला होतो त्यामुळं समुद्राचं मला काय माहीत नाही, नदीचं सांगतो.
पहिली गोष्ट लाईफ जॅकेट. पोहता येणाऱ्यानं पण घालायचं, आणि होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं, सगळे पट्टे आवळून. पट्टा सैल असला की पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून तोंडावर येतंय आणि माणूस खालनं निसटतंय. काठावर एकानं खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलंय. रस्त्यावर मिळणारी स्वस्तातली फोमची जॅकेटं बघितल्यात मी, दोन पावसाळ्यात आतला फोम पाणी पितोय.
दुसरी गोष्ट माणसं मोजून बसवायची. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातनं लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात लहान पोरं पण होती. बोटीत प्रमाणाबाहेर माणसं होती. मला आजही ते बोलताना घशाशी येतंय. त्यामुळं तुमच्या होडीवर चार लिहिलं असलं तर चारच, आणि सामान धरून वजन मोजा.
आता तिसरी, ही नीट वाच कारण तू कसबा बावड्याचा दिसतोस, राजाराम बंधारा तुझ्या दारात आहे. आपल्या केटी बंधाऱ्यापासनं, म्हणजे जगात ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात त्याच्यापासनं, होडी लांब ठेवायची, वरच्या अंगाला पण आणि खालच्या अंगाला पण. वरनं येताना बंधारा दिसतच नाही, नुसती पाण्याची सरळ रेघ दिसती आणि लक्षात येईपर्यंत ओढ लागलेली असती. खालच्या अंगाला पाणी पडतंय आणि वरच्या थरातनं मागं फिरून परत भिंतीकडंच येतंय, त्यामुळं त्यात घावलेला माणूस, ओंडका, काय असंल ते तिथंच गोल फिरत राहतंय, जॅकेट असलं तरी. पोहणं कितीबी भारी असू दे. त्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत का काढलेत त्यावर पाणी दर महिन्याला वेगळं वागतंय. आणि पावसाळ्यात नदीत मौजेसाठी उतरायचंच नाही, राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कोण तुला विचारून उघडत नाही. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्या पोरांना पण पाठ आहे, पण होडीसाठी धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतोय.
आमचे आजोबा गुऱ्हाळाच्या काहिलीतनं, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतनं, नदी पार करायचे, तेबी पाणी बघून, उगाच नाही. अजून एक, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दिसलं की इंजिन बंद, पात्याला गुंडाळलं तर भर पाण्यात अडकशील.

पाणवारा :
वरची बंधाऱ्याची गोष्ट प्रिंट काढून होडीवर चिकटवावी इतकी खरी आहे.
मी राजारामपुरीत राहते, तीन वर्षांपूर्वी गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्सला पॉवरबोट चालवायचा आणि जीवरक्षणाचा कोर्स केला. केंद्र सरकारची संस्था आहे, कोल्हापूरहून एका दिवसात पोचता येतं, त्यामुळं रीतसर शिकायचं तर मी तेच सुचवेन. शिडाच्या होडीची आवड असेल तर मुंबईकडे आरवायए या ब्रिटिश संस्थेच्या पद्धतीनं शिकवणारे क्लब आहेत. कोर्स करताना मला जे सगळ्यात उपयोगी वाटलं ते लिहिते, क्रम लागेल तसा.
उलटणं मुद्दाम शिकायचं. ओळखीच्या जलतरण तलावात परवानगी काढून कयाक न्या आणि दहा वेळा पालथी करा. उलटल्यावर होडी सोडायची नाही, पोहून काठ गाठायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथंच घात होतो, काठ दिसतो त्याच्यापेक्षा लांब असतो. होडी सरळ करायची, बाजूनं दोन्ही हात टाकायचे, पाय मागं पाण्याच्या वर आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत चढायचं, मग वळून बसायचं. मला पहिल्या दिवशी एकदाही जमलं नव्हतं. आणि हा सराव शेततळ्यात अजिबात करू नका, प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालासुद्धा बाहेर येता येत नाही.
इंजिनची होडी घेणार असाल तर किल कॉर्ड, म्हणजे ती लाल गुंडाळीची दोरी, एक टोक इंजिनच्या स्विचला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. चालवणारा पडला की इंजिन बंद. ती लावली नाही तर रिकामी होडी गोल फिरत पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते. कोणी पडलं तर एकानं फक्त त्याच्याकडं बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, कारण लाटांत डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रल नाही, बंद. इंजिन आलं की २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट, म्हणजे देशातल्या आतल्या पाण्यातल्या होड्यांचा कायदा, पण आला, नोंदणीचं आधी मेरीटाईम बोर्डाकडं विचारून घ्या. राधानगरीकडं उतरणार असाल तर तिकडं अभयारण्य आहे, वनखातं आणि जलसंपदा दोघांची परवानगी बघा.
आता तुमचं हरवणं. बॅकवॉटरमध्ये हे सगळ्यांचं होतं कारण जाताना आपण पुढं बघतो आणि परत येताना तेच दृश्य उलट्या बाजूनं असतं. निघाल्यावर पाच पाच मिनिटांनी मागं वळून बघायचं, फोटो काढायचा. साधं होकायंत्र घ्या, फोनमधलं नको, फोन भिजला की संपलं. समजा ६० अंशावर सरळ गेलात तर परतीचा अंक त्यात १८० मिळवून २४०. होकायंत्र स्पीकर, मोबाईल, लोखंडी नांगर यांच्याजवळ ठेवलं तर काटा खोटं बोलतो. गाडी लावल्यावर ती जागा फोनच्या नकाशात सेव्ह करा आणि नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा.
वाऱ्याचं म्हणाल तर दुपारी तो सुटतोच, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना पाठीवर घ्यायचा. आपण सगळे उलटं करतो कारण जाताना सोपं वाटतं. मी उन्हाळ्यात अकराच्या आत पाण्याबाहेर असते.

सांजवेळ_मालवण :
आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, म्हणून समुद्रापुरतं लिहितो. कोल्हापूरची मंडळी फोंडा नाहीतर गगनबावडा उतरून येतात, रात्रभर गाडी चालवलेली असते, आणि सकाळी आठला विचारतात होडी कुठं टाकू. आधी झोपा. थकलेल्या माणसाचा समुद्रात निर्णय चुकतो.
भरती ओहोटी समजल्याशिवाय खाडीत उतरू नका. साधारण सहा तासांपेक्षा थोडा जास्त वेळ पाणी चढतं, तेवढाच वेळ उतरतं, पण एकसारखं नाही. पहिल्या तासाला बाराव्यातला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या चौथ्याला तीन तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त. अमावस्या पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी. नवशिक्यानं भांगाच्या दिवसांत यावं. वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीला पाऊणनं गुणायचं, चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पण हा हिशेब मुंबईच्या बाजूचा, आमच्याकडं भरती त्याच्या आधीच होते, म्हणून कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या तांडेलला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, पण विचारा.
देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ना, तिथं ओहोटीचं पाणी बाहेर जोरात जातं आणि समोरनं लाटा येतात, दोन्ही भिडले की लाटा उभ्या होतात. आत शांत दिसतं म्हणून कयाकवाले वाहवत संगमापर्यंत जातात. ओहोटी लागली की तोंडाकडं जायचं नाही. सकाळी मतलई वारा जमिनीवरनं समुद्राकडं, तोही बाहेरच ढकलतो, पाणी मात्र किनाऱ्यालगत सपाट, त्यामुळं फसवं.
आमची म्हातारी माणसं जीपीएसशिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांतनं होडी आणतात ती खुणेवर. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी, समजा एक माड आणि मागचा डोंगराचा सुळका, एका रेषेत धरायच्या. रेषा तुटली की तुम्ही सरकलात. हे तुम्ही धरणावर पण करू शकता, वारा तुम्हाला ढकलतोय हे दोन मिनिटांत कळेल.
समोरासमोर होडी आली तर दोघांनी उजवीकडं वळायचं. आडवी येत असेल आणि ती तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तुम्ही द्यायची. रात्री लाल दिवा म्हणजे तिची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी, दोन्ही एकदम दिसले तर ती थेट तुमच्यावर येतेय. बंदरात शिरताना आपल्या देशात लाल बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, डाव्या हाताला. पण हे नियम पाठ असले तरी कयाकनं मच्छिमार ट्रॉलरच्या वाटेत जाऊ नये, एवढी खालची होडी त्यांना दिसतच नाही. कोस्टगार्डचा नंबर १५५४, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.
मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले, तेव्हा मी किनाऱ्यावर होतो. पावसाळा तोंडावर आला की समुद्र आधी बदलतो, आकाश नंतर. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडं येऊ नका, आलात तर भात मासे खा आणि परत जा.

बावडेकर_८७ :
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मी हे तिघांना पण वाचून दाखवलं. पाणवारा ताई, एक शंका, पाच मिनिटांनी मागं बघायचं ते कळलं, पण मी गेल्या वेळी घरी काहीच सांगितलं नव्हतं, आता काठावर किंवा घरी एक माणूस ठेवायचा तर त्याला नेमकं काय सांगून जायचं? आणि शिरोळच्या दादांनी सांगितल्यावर मी जॅकेटं ओढून बघितली, चारातली तीन कानापर्यंत वर आली. उद्याच बदलणार.

पाणवारा :
कागदावर लिहून द्यायचं. कोण कोण गेलंय, होडीचा रंग, कुठनं उतरणार, कुठपर्यंत जाणार, परतीची वेळ, गाडीचा नंबर. आणि त्याखाली, अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन कर. तो अमुकचा आकडा आधी ठरवायचा, नाहीतर घरचा माणूस अजून थोडं थांबू म्हणत अंधार पडू देतो. परत आल्यावर फोन करायला विसरू नका. आणि शिट्टी, प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली, खिशात नाही.

कृष्णाकाठ_शिरोळ :
आणि धाकट्या भावाला आधी पोहायला शिकव. तोवर त्याला कागद धरून काठावर बसव, ते काम पण त्याला आवडंल.

बावडेकर_८७ :
सांगितलं दादा. पुढच्या सोमवारपासनं तो तलावावर जातोय, मी पण त्याच्यासोबत, कयाक पालथी करायची परवानगी मिळाली की इथं कळवतो.