ब्लॉगला 'अनुदिनी' म्हणावं का?

प्रश्न (लातूर): आमच्या गावातला एक पोरगा टँकर किती वाजता आला, किती खेपा झाल्या, ते फोटोसकट रोज ब्लॉगवर लिहितो. तालुक्याच्या बातमीदारानं त्याच्याच नोंदी तपासून बातमी केली. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे डायरीच की!" ब्लॉगला मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर (परभणी): ताई, वडिलांचं काही चुकलं नाही. ब्लॉगसाठीचे आपले शब्दच तसे आहेत. 'जालनिशी' हा रोजनिशीवरून बेतलेला. त्यातलं 'निशी' म्हणजे फारसीतलं लिहिणं. फडणीस, चिटणीस यांतही तेच. 'अनुदिनी' तर जांबच्या समर्थांमुळे तोंडात बसलेला: 'अनुदिनि अनुतापें तापलों रामराया'. तिथं त्याचा अर्थ नुसता 'दररोज'. दोन्ही शब्द गोड, पण दोन्ही ऐकून माणूस स्वतःपुरतं लिहितोय असंच वाटतं.

मूळ शब्द 1997 सालचा, 'वेबलॉग'. 1999 मध्ये तो तोडून 'ब्लॉग' झाला. यातला 'लॉग' म्हणजे जहाजावरची नोंदवही: वेळ, वेग, वारा. उद्या काही घडलं तर हीच वही पुरावा. तुमच्या पोराचं काम या अर्थाला धरून आहे. 2002 मध्ये अमेरिकेत सिनेटर ट्रेंट लॉट वर्णभेदाच्या जुन्या राजकारणाची भलामण करून बसले. मोठ्या वर्तमानपत्रांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी त्यांची जुनी वक्तव्यं शोधून काढली, विषय सोडला नाही. लॉट यांना पक्षाचं सिनेटमधलं नेतेपद सोडावं लागलं. याला डायरी कसं म्हणायचं?

आपल्याकडे 'खबर' फार पूर्वीपासून रुळलेला आहे. 'अखबार' हे त्याचंच अनेकवचन, आणि 'बखर'सुद्धा 'खबर'ची अक्षरं उलटून झाली असं मानतात. म्हणून मी 'खबरवही' सुचवतो. मनातलं लिहिणाऱ्याची ती अनुदिनी, गावाचं लिहिणाऱ्याची खबरवही.

बीडहून: सर, शब्द छान, पण गावात घात करील. खबर म्हटलं की खबऱ्या आठवतो. टँकरवाल्याचे लोक त्या पोराला तेच म्हणतील. 'बातमीवही' म्हणा.

लातूर: हे खरंय, त्याला आधीच दोघांनी दम दिलाय. काल मी वडिलांना नुसतं 'टँकरची नोंदवही' म्हणाले. त्यांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "सोमवारी दुसरी खेप आलीच नव्हती, ते लिहिलंय का यानं?"

लिहिलं होतं.