बाहेरून शिकून प्राथमिक शिक्षक झालात? अनुभव लिहा

निंबोणी:
माझी भाची बीएस्सी झालीय, लग्न होऊन सिन्नरला असते, पदरात लहान पोर. तिला पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवायचंय, हे तिचं शाळेत असल्यापासूनचं आहे. सासरी सगळे म्हणतात, मुक्त विद्यापीठातून बाहेरून बीएड करून टाक, घरबसल्या होतं. आता घरबसल्या मास्तर कसं होता येतं ते मला कळत नाही, पण मी बँकेतला माणूस, यातलं ओ की ठो माहीत नाही. तर पदवीनंतर घर-नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने बीएड, डीएड, पीजीसीई (ते ब्रिटनमधलं बीएडसारखं) जे काही केलं असेल ते सविस्तर लिहा, परदेशातलंही चालेल. नुसतं ऑल द बेस्ट नको प्लीज.

डोंगरवाट:
मुक्तचं बीएड मी केलंय, झेडपीच्या शाळेत असताना, म्हणून लिहिते. पहिलीच गोष्ट, ते बाहेरून बीएड कोणालाही मिळत नाही. आधी डीएड झालेलं, शाळेत शिकवत असलेलं माणूस लागतं, अनुभवाचे दाखले मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी लागतात. तुमच्या भाचीला नुसत्या बीएस्सीवर तिथे फॉर्मच भरता येणार नाही. इग्नूच्या बीएडचंही तसंच आहे, आधीचं शिक्षक-प्रशिक्षण पाहिजेच.

मग मी का केलं, तर सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षक म्हणून जायचं होतं आणि पुढे केंद्रप्रमुखाची परीक्षा डोक्यात होती. संपर्क सत्रं दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत. म्हणजे सगळ्या जावा माहेरी आणि मी नाशिकच्या एका शाळेच्या वर्गात बाकावर, पंखा बंद. पुस्तकं चांगली होती हो, मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी. स्वाध्याय रात्री पोरं झोपल्यावर ओट्यावर बसून लिहायचे. तो भाग जमतो सगळ्यांना.

खरी गंमत पाठांची. सूक्ष्मपाठ आपापसातच घ्यायचे, पाच-सहा मिनिटांचे. एकदा फक्त प्रश्न विचारण्याचं कौशल्य, एकदा फक्त फलकलेखन, समोर आपलेच सहकारी विद्यार्थी बनून बसलेले, त्यातले निम्मे पेंगणारे. मग खरे पाठ हायस्कूलला. मी वर्षानुवर्षं पहिली-दुसरी शिकवलेली, नववीच्या वर्गात शिरले आणि सवयीने "चला बाळांनो, हाताची घडी" म्हणाले, मिसरूड फुटलेली पोरं बाकाखाली तोंड घालून हसायला लागली. निरीक्षक बाई मागे बसल्या होत्या, त्यांनी निरीक्षण वहीत काय लिहावं? "आवाजात जिव्हाळा आहे." ती वही अजून जपून ठेवलीय. पण त्यांनीच नंतर व्हरांड्यात सांगितलं ते उपयोगी पडलं, की प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, तुम्ही लगेच उत्तर देऊन टाकता. आता पहिलीलाही मोजते. माझ्या मते दोन वर्षांत मी शिकले ते एवढंच आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

खडूफळा:
+१ डोंगरवाट. आमच्या अभ्यासकेंद्रावर (नाव घेत नाही) तयार पाठ टाचणांच्या फायली विकत मिळायच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे. कृतिसंशोधनसुद्धा. "इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या भागाकारातील चुकांचा शोध व उपाय", गावाचं नाव तेवढं बदलायचं. आणि तरी जवळपास सगळ्यांना फर्स्ट क्लास. ज्याला शिकायचं तो शिकतो असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, पाठ बघायला कोणी आलंच नाही तर शिकणार कुठून.

रेवा७:
माझं डीएलएड (डीएडचंच नवं नाव) एनआयओएसचं, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा संस्थेचं, 2017 ते 19 वालं. तेव्हा मी एका खाजगी इंग्लिश मीडियमला होते, एमए झालेली पण ट्रेनिंग काही नाही. 2017 ला शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली की 31 मार्च 2019 पर्यंत सगळ्या अप्रशिक्षित शिक्षकांनी प्रशिक्षण पूर्ण करा, नाहीतर घरी बसा, त्यामुळे देशभरातून लाखो लोक एकदम त्यात. व्हिडिओ स्वयंम् पोर्टलवर आणि डीटीएचच्या चॅनलवर, संपर्क वर्ग सुट्टीच्या दिवशी, काम आपापल्या शाळेतच. शाळेतच असल्यामुळे एक बरं होतं, आज वाचलं ते उद्या वर्गात करून बघता यायचं. बेरीज शिकवताना आधी बिया-काड्या, मग चित्र, मग अंक, हा क्रम मी तिथे शिकले. त्याआधी थेट फळ्यावर हातचा घ्यायला लावायचे बिचाऱ्यांना.

पण नंतरचा ताप वाचा. कोर्स 18 महिन्यांचा, बाकीचं डीएलएड दोन वर्षांचं, मग हा त्याच्या बरोबरीचा धरायचा की नाही यावर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. आपण परीक्षा पास होऊन बसलेलो आणि आपलं सर्टिफिकेट चालतं का ते पेपरात वाचायचं. म्हणून भाचीला सांगा, कोर्सला पैसे भरायच्या आधी तो एनसीटीईला (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) चालतो का, कुठल्या इयत्तांना चालतो, हे छापील कागदावर बघ. एजंटच्या तोंडी नको.

तापीकाठ:
मी बुऱ्हाणपूरचा, घरी मराठी, नोकरी एमपी सरकारची. भाचीसाठी महत्त्वाचं लिहितो. समजा कसंही करून बीएड झालं तरी पहिली ते पाचवीला ते आता चालत नाही. 2018 च्या जूनमध्ये एनसीटीईने बीएडवाल्यांना प्राथमिकला परवानगी दिली होती, अट एवढीच की लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, म्हणजे प्राथमिकचं जोड-प्रशिक्षण, करा. आम्ही त्यावर लागलो. मग 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, लहान मुलांना शिकवणं वेगळं, त्याचं प्रशिक्षण वेगळं, बीएडमध्ये ते नाही म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कोणाला डबा गेला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये खुलासा आला की आधी लागलेल्यांच्या नोकऱ्या राहतील, पण ब्रिज कोर्स करावाच लागेल. तो एनआयओएसकडून, दूरशिक्षणानेच.

रागावलो होतो खूप, खोटं कशाला बोलू. वय झालं, शिकवून शिकवून घसा बसला आणि आता परत विद्यार्थी. पण एक सांगतो, बीएडमध्ये मी इतिहास-भूगोलाची अध्यापन पद्धती शिकलो होतो. सहा वर्षांचं पोर पेन्सिल मुठीत का धरतं, 'ब' आणि 'व' मध्ये का गोंधळतं, रडत असताना त्याला वाचायला का बसवू नये, यातलं अक्षर नव्हतं. ते मी शेजारच्या वर्गातल्या डीएडवाल्या मॅडमकडून उचललं. म्हणजे कोर्टाचं चुकलं असं मला आता म्हणता येत नाही, आमच्याशी वागण्याची रीत चुकली एवढं म्हणतो.

पाणकोंबडी:
वाचतेय. माझीही सेम केस, फक्त बीकॉम.

कार्डिफकर:
परदेशातलं चालेल म्हणालात म्हणून. मी वेल्समध्ये, ओपन युनिव्हर्सिटीचं पीजीसीई प्रायमरी केलं, पार्टटाइम, दोन वर्षं. इथे मात्र ते भारतातल्या उलट आहे, आधी शिक्षक असायची अट नाही, पदवी पाहिजे आणि शाळेतलं इंग्लिश, गणित, सायन्स त्यांच्या जीसीएसईच्या (इथल्या दहावीच्या) तोडीचं आहे असं सिद्ध करावं लागतं. माझी दहावीची मार्कशीट लातूरहून मागवली, आईने ती स्टीलच्या डब्यात नवसाच्या नारळाशेजारी ठेवलेली होती.

अभ्यास ऑनलाइन, चर्चासत्रं संध्याकाळी, पण शाळेतले दिवस कोणी सोडत नाही. जवळजवळ 120 दिवस प्रत्यक्ष वर्गात काढावे लागतात, तेही एकाच शाळेत नाही. तेवढ्या काळात नोकरी कशी करायची हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी वाचवलेले पैसे खाल्ले. शाळेत मेंटॉर असते, ती दर आठवड्याला एक पाठ बघते आणि बसवून बोलते, तासभर. पहिल्यांदा वाटलं आपली परीक्षाच चाललीय. नंतर त्या तासाचीच वाट बघायला लागले.

मजा म्हणजे इथे प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकाने दिवसभर थोडं थोडं वेल्श बोलायचं असतं. सकाळी हजेरीला "बोरे दा" म्हणायचं, मुलं उत्तर देणार, हवा कशी आहे ते वेल्शमध्ये विचारायचं. मला जमलं पटकन, गोऱ्या मैत्रिणींपेक्षा चांगलं, कारण आपल्याला मराठी-हिंदी-इंग्रजी करत भाषा बदलायची सवयच असते. त्यांचा तो 'एलएल'चा उच्चार मात्र अजून येत नाही, पाच वर्षांची मुलगी रोज सुधारून देते.

जे इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी एक बघा, ऑनलाइन इंटरनॅशनल पीजीसीई नावाचे कोर्स असतात, ते चांगले असतीलही, पण नुसत्या त्याने तिथला क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा अधिकृत दर्जा, मिळत नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

जुनाखडू:
तुम्ही सगळे डिग्र्यांचं बोलताय, मला पन्नाशीनंतर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागलीय. सुप्रीम कोर्टाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पेपर एकमध्ये 150 प्रश्न, 150 मार्क, खुल्या प्रवर्गाला 90 पाहिजेत. बालमानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलो तर बायको म्हणते, स्वतःच्या पोरांच्या वेळी वाचलं असतं तर. नातू माझी प्रश्नपत्रिका तपासतो. परिसर अभ्यास बरा जातो, इंग्रजीत रडारड.

निंबोणी:
बापरे, हे इतकं उलटंपालटं आहे मला कल्पना नव्हती. म्हणजे बाहेरून शिकायचं तर आधी आत असायला पाहिजे, असंच ना? मग तिने नक्की काय करावं?

डोंगरवाट:
हो, थोडक्यात तसंच. तिला पहिली ते पाचवीच शिकवायचं असेल तर बीएडचा नाद सोडून डीएलएड करू दे, नियमित, दोन वर्षं, रोज कॉलेजला जाऊन. पदवी झालीय म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही, आमच्या बॅचला दोन पदवीधर होत्या. प्रवेश 12 वीच्या मार्कांवर, खुल्या प्रवर्गाला 49.5 टक्के आणि राखीवला 44.5. मग टीईटीचा पेपर एक, मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ), आणि त्यात वर्षं जातात हे सासरच्यांना आताच सांगून ठेव. लागली की आधी शिक्षणसेवक, मानधन 2023 पासून 16 हजार, त्याआधी 6 हजार होतं म्हणजे बघ. डीएडची बरीच कॉलेजं बंद पडलीत, सिन्नरहून रोज जाऊन-येऊन जमेल असं कुठलं चालू आहे ते आधी शोधा. पोराला कोण सांभाळणार ते ठरलंय का?

निंबोणी:
तिची सासू तयार आहे म्हणते, पण बीएडसाठी तयार आहे, घरबसल्याच्या. रोज कॉलेजला जायचं म्हटल्यावर काय म्हणतील बघू, रविवारी जातोय मी तिकडे.