गौरीचं जेवण : काय ठेवलं, काय सोडलं?

गौरी जवळ आल्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. मधला पूजनाचा दिवस आमच्या घरात सगळ्यांत देखणा आणि स्वयंपाकघराला सगळ्यांत जड. दोन वर्षांपूर्वी आरती चालू असताना माझी जाऊ आत पोळ्या लाटत होती. सजलेल्या गौरी तिने नीट पाहिल्या त्या संध्याकाळी पाचला. ते मला अजून लागून राहिलंय. तुमच्याकडे हे जेवण सुटसुटीत, पोटाला सोसेल असं कसं केलंत? जे स्वतः करून पाहिलं तेच लिहा. आधी माझं सांगते, खाली ठिकठिकाणहून आलेली उत्तरं.

सासूबाईंना विचारायचं मी दोन वर्षं टाळलं होतं. शेवटी मागच्या वर्षी श्रावणातच विचारलं, "आई, सोळा भाज्या वेगवेगळ्याच लागतात का?" त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई एकाच पातेल्यात करायच्या गं. वेगळ्या मी सुरू केल्या, तेव्हा घरात चार सुना होत्या." एवढंच! मग आम्ही एकच भाजी केली : लाल भोपळा, दुधी, दोडका, पडवळ, गवार, भेंडी, सुरण, रताळं, अळू, मक्याच्या कणसाचे तुकडे, असं मोजून सोळा. फोडणीला दोन चमचे तेल, हिरवी मिरची, चिंच-गूळ, वरून ओलं खोबरं. सुरण-अळू आहे तर चिंचेत हात आखडू नका, घशाला खाजतं. आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून भाज्या निवडल्या, डाळ भिजत घातली, नारळ खवून ठेवले. भजी नैवेद्यापुरतीच तळली. साडेबाराला आरती झाली तेव्हा जाऊ माझ्या शेजारी उभी होती.

रत्नागिरी
आमच्याकडे घावन-घाटलं असतं, त्यामुळे पुरणाचा प्रश्न नाही. पण माझं ऐकाल तर ऋषिपंचमीची भाजी एकदा मन लावून खा. बैलाच्या कष्टाने पिकलेलं काही नाही, मसाला नाही, तेल जवळपास नाही. अळू, माठ, सुरण, भोपळा, कणसं आपल्याच रसात शिजतात. आमच्या सणातलं सगळ्यांत हलकं जेवण आधीपासून होतंच. आम्ही त्यातलीच चव गौरीच्या ताटात आणली.

नाशिक
मला जेवणाच्या वेळेबद्दल लिहायचंय. वडिलांना मधुमेह आहे, सकाळी गोळी असते. नैवेद्य दाखवल्याशिवाय खायचं नाही हा त्यांचा नेम. तीन वर्षांपूर्वी आरती लांबत लांबत अडीच वाजले आणि बाबा पाटावर बसल्या बसल्या घामाने भिजले, हात कापायला लागले. साखर उतरली होती. आईने तोंडात साखर घातली, वरून सरबत पाजलं, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नैवेद्य बाराच्या आत. चार पदार्थ कमी असले तरी चालतील. उशीर होणार असं दिसलं तर बाबा आधी खातात. देवीला ते चालतं, असं आमच्या आजीने स्वतः सांगितलं, म्हणून त्यांनीही मानलं.

आणि एक. "गुळाची आहे, खा" असं म्हणून मधुमेही माणसाला तिसरी पोळी वाढू नका. गुळानेही साखर वाढतेच. आम्ही पोळ्या बशीएवढ्या लाटतो. बाबांच्या ताटात एक पोळी, वर तूप, भात अगदी मुदीपुरता, आणि डावी बाजू भरगच्च : काकडीची कोशिंबीर, मेथी, चटणी. कटाची आमटी दोन वाट्या पितात, आनंदाने.

सोलापूर
मला मात्र सोळा भाज्या वेगळ्याच हव्यात. माझ्या आईची ती पद्धत आहे आणि ती गेल्यावर तोच एक दिवस मला तिच्याजवळ नेतो. पण आता प्रत्येक भाजी वाटीभरच होते. पूर्वी उरलेलं तीन दिवस खात बसायचो.

पुणे
मी घरातला थोरला मुलगा. दोन वर्षांपासून पुरण माझ्याकडे. एक किलो डाळीला पाऊण किलो गूळ घालतो, आधी सव्वा किलो असायचा. पहिल्या वर्षी फरक फक्त काकांना कळला. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की खांदे भरून येतात. हे काम आईने तीस वर्षं एकटीने केलं, हे मला दांडा फिरवताना कळलं.

फ्रँकफर्ट
इथे पूजनाला सुट्टी नसते. तीन कुटुंबं मिळून एकाच घरी गौरी बसवतो. एकीकडे पुरणपोळ्या, एकीकडे भाजी-आमटी, आमच्याकडे कोशिंबीर आणि खीर. कामावरून येऊन सात वाजता आरती, आठला पंगत. मुलं वाढतात. मागच्या वर्षी माझ्या मुलीने मीठ-लिंबू बरोबर जागेवर वाढलं, कुणी न सांगता.