गॉडझिलासमोर कुणाला उभं करू? भीम, हनुमान की आणखी कोणी?

निळाई

मंडळी, सल्ला हवाय. भाची चित्रं काढते, मी मजकूर लिहिते, अशी 16 पानांची चित्रकथा आम्ही दोघी मिळून करतोय. एका बाजूला गॉडझिला, जपानी सिनेमातला तो अजस्र प्राणी, हे पक्कं, त्यावर ती अडूनच बसलीय. समोर आपल्या पुराणांतला कुणीतरी हवा. माझ्या डोक्यात भीम आहे, तिला हनुमान हवाय.

अट एकच, लढत रंगली पाहिजे. पहिल्याच पानावर निकाल कळला तर पुढचं कोण वाचणार? जिंकावं आपल्याच गड्याने, पण घाम गाळून. कोणाला घ्यावं आणि का, ते सांगा. "माझा आवडता म्हणून" हे कारण चालणार नाही.

गदाघर

डोळे झाकून भीम. दहा हजार हत्तींचं बळ. विषय संपला.

चिकट समीक्षक

संपला कसा? हिशोब करू. मोठा हत्ती 5 टनांचा धरा. दहा हजार हत्ती म्हणजे 50,000 टन. 1954 च्या पहिल्या सिनेमातला गॉडझिला 50 मीटर उंच आणि 20,000 टनांचा. नुसतं तागडीत घातलं तर भीम अडीचपट भारी. पण 2014 च्या हॉलिवूडवाल्या अवताराचे आकडे आहेत 108 मीटर आणि 90,000 टन. तिथे पारडं फिरलं. तेव्हा निळाईताई, गॉडझिला कुठल्या सालचा ते आधी ठरवा, पैलवान मग बघू.

शिवाय बळ असून भागत नाही, पकड कुठे घेणार? भीमाची सगळी कुस्ती अंगाला अंग भिडवून. बकासुराच्या पाठीवर गुडघा रोवला, एका हाताने मान, दुसऱ्याने कमरेचं वस्त्र ओढलं आणि मोडला. इथे भीमाचा हात पोचणार फार तर पायाच्या नखापर्यंत.

गदाघर

घोटा मोडला की धूड खाली येतं. मग मान, कंबर सगळंच हाताला लागतं. हलकेच घ्या.

सिनेमाखोर

भीमच हवा असेल तर प्रतिस्पर्धी बदला. 1933 चा किंगकाँग घ्या. तो जंगलात 18 फूट आणि न्यूयॉर्कात 24 फूट उंच दाखवलाय, सोयीप्रमाणे वाढवलेला. हिडिंब, बक, किर्मीर यांना लोळवणाऱ्याला तेवढा चालून जाईल. पुढे 1962 मध्ये त्याच काँगला गॉडझिलाशी भिडवायचं होतं, तर जपान्यांनी त्याला थेट 45 मीटरचा करून टाकला. म्हणजे उंची जुळल्याशिवाय कुस्ती लागत नाही हे त्यांनाही कळलेलं.

निळाई

नाही हो, काँग नको. गॉडझिला काढला तर चित्रकार संपावर जाईल.

पोथीवाले काका

हनुमानाबद्दल सांगतो. पूर्ण रूपातला घेतलात तर गोष्ट दुसऱ्या पानावर आटोपेल. सुंदरकांडात वाट अडवणारी सुरसा तोंड वासत जाते तसा तो अंग वाढवत नेतो, दहा योजनं, वीस योजनं, असं करत तिचा जबडा शंभर योजनांवर जातो. योजन 8 किलोमीटरचं धरलं तरी बघा कुठे जातंय ते. त्या मापाला 50 मीटरचा प्राणी दिसायचासुद्धा नाही. आगीचंही तेच. शेपूट पेटवली तेव्हा लंका जळली, याला चटका बसला नाही. गॉडझिलाच्या तोंडातून निघणाऱ्या झोताचं भय कोणी दाखवायचं?

पण त्याच सर्गात खरी गंमत आहे. शंभर योजनांचा जबडा उघडल्यावर हा अंगठ्याएवढा होतो, तोंडात शिरतो आणि बाहेर येतो. पुढे सिंहिका राक्षसी त्याची सावली धरून ओढते, तिथेही आकसून आत जातो आणि नखांनी मर्मं फाडून निघतो. भाचीला सांगा, हनुमान हवा तर अंगठ्याएवढा काढ. जबड्याच्या आतून बाहेर बघतानाचं एक पानभर चित्र, दातांच्या कमानीतून दिसणारं शहर. एवढ्यावरसुद्धा पैसे वसूल.

चिकट समीक्षक

काकांना +१. पण धागाकर्तीची अट आहे घामाची. ज्याला मनात येईल तो आकार घेता येतो त्याला घाम कसला?

रातकिडा

सगळे बापाभोवती फिरताय, मुलाकडे कोणी बघत नाही. घटोत्कच घ्या! कारणं देतो, आवडता आहे हे सोडून.

एक, तो मोठा होऊ शकतो पण अजिंक्य नाही. मरतो हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला धाकधूक राहते. दोन, त्याचं बळ रात्री वाढतं, आणि पहिल्या सिनेमातला टोकियोवरचा मोठा हल्ला रात्रीचाच आहे. अंधार, जळतं शहर, दोघंही जोरात. तीन, माया. लढत रंगवायची ती इथे. गॉडझिलाच्या पाठीवरचे काटे आधी उजळतात, मग तोंडातून झोत येतो. म्हणजे दर वेळी इशारा मिळतो. काटे उजळले की घटोत्कचाने स्वतःचीच दहा खोटी रूपं उभी करायची. झोत जातो खोट्यावर, खरा मागच्या बाजूला. 2016 च्या जपानी सिनेमात झोत सोडून सोडून त्याची शक्ती संपते आणि तो जागच्या जागी थिजतो. म्हणजे त्याला थकवता येतं. सहा-सात पानं फक्त दमवण्यात घालवा, एखाद्या वेळी खरा घटोत्कच होरपळू द्या, घाम आपोआप फुटेल.

चित्रासाठीही भरपूर आहे. शंकूसारखे कान, भलंमोठं तोंड, गुळगुळीत डोकं. द्रोणपर्वात त्याचा रथ लोखंडाचा, अस्वलाच्या कातड्याने मढवलेला, आठ चाकांचा आहे, ध्वजावर गिधाड. भाचीला हे नुसतं वाचून दाखवा, हनुमान विसरेल.

सिनेमाखोर

क्या बात! यात माझी भर. मोठं अंग भरभर हलवू नका. तो पहिला गॉडझिला म्हणजे जवळपास 100 किलोच्या रबरी पोशाखात घुसलेला माणूस आणि 1:25 मापाचं खोटं शहर. चित्रीकरण जास्त वेगाने करून पडद्यावर ते संथ केलं, म्हणून तो जड वाटतो. कागदावर तेच करा. पाय उचलला हे एका चौकटीत, पाय खाली आला हे तिसऱ्या चौकटीत. मधल्या चौकटीत फक्त खालची माणसं, वर बघणारी.

निळाई

रातकिडा, तुम्ही तर पटकथाच दिलीत. पण शेवट? मारायचा कसा?

पोथीवाले काका

मारू नये असं माझं मत. 1 मार्च 1954 ला बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली, त्याची राख जपानी मासेमारी बोटीवरच्या 23 जणांवर पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हा सिनेमा आला. समुद्राखाली पडून होता तो, माणसाने डिवचला. समुद्रात परत ढकलावा.

गदाघर

काका, त्याने अर्धं शहर तुडवलं. परत ढकलला तर दुसरा भाग आलाच.

रातकिडा

मूळ कथेतलाच शेवट वापरा. कर्णाचं शक्ती हे अस्त्र लागल्यावर पडता पडता घटोत्कच अंग वाढवतो आणि कौरवांची एक अक्षौहिणी त्याच्याखाली चिरडते. तसाच आकाशातून पडू दे गॉडझिलावर.

निळाई

म्हणजे घटोत्कच मरणार? दहा वर्षांची आहे हो ती.

रातकिडा

मरायची गरज नाही. युद्धाच्या कितीतरी आधीचा, कोवळा घटोत्कच दाखवा. उंच उडतो, अंग फुगवतो, थिजलेल्या धुडावर कोसळतो आणि त्याला घेऊन समुद्रात जातो. काकांचंही म्हणणं राखलं. नंतर किनाऱ्यावर खोकत, नाकातोंडातलं पाणी काढत येऊ दे. ज्यांना पुढचं माहीत आहे त्यांना कळेल हे पडणं कुठलं आहे. भाचीला आत्ताच कळायला नको.

निळाई

ठरलं. घटोत्कच, 1954 चा गॉडझिला, रात्र. आठ चाकांच्या रथाचं कच्चं चित्र तयारसुद्धा झालंय, फक्त गिधाड कोंबडीसारखं दिसतंय.

गदाघर

भीमाला एक तरी पान द्या. बाप आहे तो.

निळाई

तिसऱ्या पानावर दिलाय. मुलगा उडून जातो तेव्हा जेवतोय.

चिकट समीक्षक

किती उंचीवरून पडणार आणि तेव्हा अंग किती मीटर, एवढं कळवा. आदळण्याचा हिशोब मी करून देतो.